अंबूबाईचा भाऊ

अंबूबाईला भाऊ नव्हता. आईबापाची ती एकुलती एक, आणि तेही लवकर गेले. माहेर म्हणून उरलं होतं ते कासारवाडीच्या माळावरचं वारूळ. जिला भाऊ नाही तिचा भाऊ नाग, हे सासूने सांगितलं आणि तिने पदराशी बांधून ठेवलं. दर नागपंचमीला नव्या बांगड्या भरून, दूध-लाह्या घेऊन ती वारुळाला जायची, मनातलं बोलायची, वर भांडायचीसुद्धा. जीभ मुळातच तिखट. त्या दिवशी गावात विळी बंद, तवा बंद, नांगर-कुदळ बंद. कापता-खणताना कुणाच्या भावाला लागलं तर?

पंचावन्न साली माळावर कंपनी आली. वारूळ तारेच्या कुंपणात गेलं आणि अंबूबाईचा नवरा चिमाजी तिथेच खोदाईला लागला. इंजिनिअरसाहेबांना वारुळात दिसली फक्त वाळवी. उद्या गोदामाची दारं खाईल, म्हणून उकरून औषध ओता, असा हुकूम सुटला. तोही नेमका पंचमीला.

अंबूबाई ताट घेऊन वारुळापुढे ठाण मांडून बसली.

"बाई, साप दूध पीत नाही," साहेब समजुतीने म्हणाले.

"न्हाई तर न्हाई. भाऊ जेवत न्हाई म्हून बहिणीनं ताट वाढू न्हाई व्हय?"

गड्यांनी कुदळी खाली टाकल्या. सगळ्यांच्या पुढे चिमाजी. "सायेब, आज पंचमी हाय. आज आमी जमिनीला हात लावणार न्हाई."

साहेबांनी खांदे उडवले. "बरं, उद्या करा."

अंबूबाईचा ऊर भरून आला. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं तिने शेजारणीला दोनदा सांगितलं आणि चिमाजीला पुरणाची दिंडं आग्रह करकरून वाढली.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेली, तर वारूळ नव्हतं. उग्र वासाच्या चिखलात चिमाजी उभा, हातात कुदळ.

"पंचमी झाली की काल," तो म्हणाला. त्याला खरंच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. साहेबाला एक वेळ माफ करावं. त्याला वाळवी दिसली, त्याने वाळवी मारली. पण काल कुदळ खाली टाकणाऱ्याने आज तीच कुदळ चालवावी?

अंबूबाईने जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला अरेतुरे केलं. "एका दिवसाचा भाऊ व्हता व्हय माजा? तुजी बहीण बी भाऊबिजेपुरतीच हाय का रं?" भाकरी तिने तिथेच चिखलात भिरकावली.

पुढे संसार चालला, पण तिचा राग काही निवला नाही. वर्षाने पंचमी आली. चिमाजीने खाडा केला, कुदळ धुऊन कोपऱ्यात ठेवली आणि दिंडांची वाट बघत बसला. तेवढ्यात चुलीपाशी विळीचा आवाज आला. अंबूबाई भराभरा दोडका चिरत होती. चुलीवर तवा तापला होता.

"अगं, आज पंचमी! चिरायचं न्हाई आज!"

तिने मानसुद्धा वर केली नाही.

"आता कुनाला लागतंय?"