नाचली म्हणजे बरी झाली

मागच्या वर्षी ठाण्याच्या डॉक्टरांनी माझ्या भावाच्या मुलीला नैराश्यावरची गोळी लिहून दिली. पोरगी सोळा वर्षांची. जेवण सुटलेलं, कॉलेज सुटलेलं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. दादा ती चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेला नाही, थेट माझ्याकडे आला. आमच्या सबंध खानदानात या गोळ्या खाल्लेलं माणूस मी एकटीच. तिच्याच वयात सुरू केल्या, साडेतीन वर्षं घेतल्या. आता छत्तिशीत आहे. म्हणजे काय होतं ते बघायला घरचाच नमुना तयार.

आमचा दादा गोदामाच्या भाडेकराराची दहा-दहा पानं न वाचता सही ठोकतो. पण ही एवढीशी चिठ्ठी त्याने इतक्या वेळा वाचली होती की घडीवर कागद फाटायला आला होता.

"मला एकच सांग," तो म्हणाला. "डोक्यात कायमचं काय राहतं का?"

मी त्याच्याकडे दोन दिवस मागितले. हाच प्रश्न मी स्वतःला वीस वर्षं विचारत होते, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. टेमघरला घराच्या मागच्या शेडमध्ये वडिलांनी कापडाचे लूम चालवायला जागा भाड्याने दिली होती, त्यामुळे खटखट चोवीस तास. त्या वर्षी मला जगायचं नव्हतं. हे सरळच सांगते, कारण तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी आईच्या लक्षात आलं. तिने मला ठाण्याला नेलं आणि गल्लीत सांगितलं की पोरीला अर्धशिशी आहे. गोळी मुगाच्या दाण्याएवढी होती. पाच आठवडे काहीच झालं नाही. सहाव्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरातून सुक्या बोंबलाचा वास आला आणि मला भूक लागली. मी अंथरुणात उठून बसले आणि नुसती तो वास घेत राहिले. तो क्षण आठवला की आजही अंगावर काटा येतो. मुगाएवढी वस्तू पोटात जाते, आणि डोक्यातल्या कुठल्या तरी अंधाऱ्या खोलीतून माझी भूक शोधून आणते. कुणी सांगितलं होतं तिला वाट?

मग भावकीत एक लग्न निघालं. आम्ही आगरी. आमच्याकडे लग्न एकवेळ साधं होईल, हळद नाही. बेंजोची वाजंत्री लागली की साठीच्या बायकाही मांडव सोडत नाहीत, आणि माणूस बरं की आजारी हे आमच्यात नाडी बघून नाही, हळदीत बघून ठरतं. त्या हळदीत मी दोन तास नाचले. सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आईने उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. मला वज्रेश्वरीला नेऊन गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ घातली, नवस फेडला आणि येताना पेढे वाटले. पोरगी नाचली म्हणजे बरी झाली. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी नुसती नजर वळवली तरी डोक्यात विजेचा चटका बसायला लागला. वीज जाऊन मागच्या शेडमधले लूम एकदम थांबले की आमच्या घरातलं झोपलेलं माणूस दचकून जागं होतं. माझ्या डोक्याचं तसंच झालं असावं. तीन आठवड्यांत सगळं परत आलं, पहिल्यापेक्षा काळं होऊन. डॉक्टर आईला खूप बोलले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि पुढे बंद केल्या तेव्हा कित्येक महिने लावून, थोड्या थोड्या कमी करत.

गोळ्या पुन्हा चालू असतानाच माझी मावशी गेली. तिने मला मांडीवर वाढवलं होतं. आमच्या बायका नुसत्या रडत नाहीत, गेलेल्या माणसाचे गुण सांगत सांगत रडतात. मी त्यांच्या मधोमध बसले होते आणि डोळे कोरडे ठणठणीत. दुःख आत होतं, मला दिसतही होतं, पण हाताला लागत नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, पोरीचं काळीज दगडाचं हाय. गोळ्या बंद झाल्यावर रडू परत आलं, पण उशिरा येतं. आज काही झालं की आठवड्याने, भांडी घासताना. हे गोळ्यांनी केलं, आजाराने केलं, की मी मुळातच अशी?

दादाला उत्तर द्यायच्या आधी मी त्याच जुन्या डॉक्टरांकडे गेले. आता ते थकलेत. म्हणाले, त्या वयात मेंदूचं बांधकाम चालू असतं. गोळीचा त्यावर काही परिणाम मागे राहत असेल, किती ते आम्हाला नीट माहीत नाही. आजार अंगावर काढला तर तोही खुणा ठेवतो. मग हसून म्हणाले, खात्रीने सांगायचं तर गोळ्या न घेतलेली दुसरी तू शेजारी बसायला हवी, ती कुठून आणू? मी रिक्षात बसले तरी ते वाक्य सोडेना. माझ्या कवटीतली ही सव्वा-दीड किलोची वस्तू स्वतःबद्दलच विचारतेय, आणि तिलाच ठाऊक नाही की ती कशी घडली. मला भीती वाटायला हवी होती. पण मी थक्क होऊन हसत होते.

दादाला मी तेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, नक्की माहीत नाही. पण पहिले काही आठवडे तिला एकटीला सोडू नका, या वयात कधीकधी सुरुवातीला विचार आणखी वाईट होतात, तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. दाराशी उभं राहून पोरगी सगळं ऐकत होती.

"आत्या, मी मीच राहीन ना?" तिने विचारलं.

"मावशीच्या मयताला मला रडू आलं नाही," मी म्हणाले. "पण मयताला मी होते. गोळ्या नसत्या तर बहुतेक मावशीच माझ्या मयताला आली असती."

तिने दादाच्या हातातली चिठ्ठी घेतली.

यंदा शेलार गावात भावकीत हळद होती. पोरगी नाचली, आणि कशी नाचली! मी खुर्चीतून आईकडे बघत होते. आई आता सत्तरीची आहे. ती उठली आणि गर्दीतून वाट काढत नातीपाशी गेली. मी उठून उभी राहिले. तिने नातीला दंडाला धरून बाजूला आणलं, पदराची गाठ सोडली आणि आतून गोळ्यांची पट्टी काढली. पोरीचे दोन्ही हात हळदीने माखलेले होते, म्हणून आईनेच गोळी तिच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"आता नाच," आई म्हणाली. "पन गोळी सोडायची न्हाय."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मला रडू आलं, तिथेच, त्याच क्षणी.