बोलणारी बस कुणाची होती

आमच्या नात्यात आणि खडकीच्या जुन्या वसाहतीत बोलणाऱ्या बसचा विषय निघाला की अजूनही लोक माझं नाव घेतात. ती बस माझी नव्हती, माझ्या वहिनींची होती. पंचवीस-एक वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. आता शहात्तरावं चालू आहे. सांगायचं ठरवलं आहे, आणि काही हातचं न राखता.

मी खडकीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकलचं काम करायचो. थोरल्या भावाचं बिबवेवाडीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात भाऊ बसायचा, पण निम्मं सोल्डरिंग वहिनी घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर करायच्या. गिऱ्हाइकांना हे ठाऊक नसे. "बाईनं केलंय म्हटलं तर दोनदा तपासून मागतील," असं भाऊ म्हणायचा.

त्या वर्षी वसाहतीच्या हॉलमध्ये कामगारांनी हौसेनं बनवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. मी सेलवर चालणारी एक लाल खेळण्यातली बस घेतली आणि पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आवाज साठवणारी चिप आणली. तिच्यात वीस सेकंदांचं बोलणं मावायचं. बसचं दार उघडलं की आतून कंडक्टर ओरडेल, ही कल्पना माझी. तेवढी तरी माझीच होती.

बस उभी असताना नीट बोलायची. चाकं फिरू लागली की आवाज तुटायचा, नुसती खरखर. आठवडाभर मी वायरी बदलत बसलो. शेवटी बस पिशवीत घालून भावाकडे गेलो. भाऊ दुकानात होता. वहिनींनी कणीक मळता मळता माझं ऐकलं, हात धुतले आणि बस उलटी केली.

"अहो भाऊजी, मिक्सर लावला की आमचा रेडिओ खरखरतो, तसलंच आहे हे. चाकाला आणि घशाला एकच सेल कशाला? चाक सगळं ओढून घेतंय. घशाला त्याचा त्याचा सेल द्या."

त्यांनी आवाजाला वेगळे सेल दिले. मोटरच्या दोन टोकांवर खरखर गिळायला एक बारकासा कपॅसिटर टाकला. स्पीकर उघडा होता म्हणून चिरका वाजत होता, तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवला, झाकणाला तापल्या सळईनं भोकं पाडली. आवाज एकदम भरून आला. मग आवाज भरायचं बटण दाबून त्याच बोलल्या, "पुढे सरका, पुढे! दारात काय पंगत बसलीय?"

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी ते पुसलं आणि तेच वाक्य माझ्या आवाजात भरलं. बाईचा आवाज आला असता तर कुणीतरी विचारलंच असतं, ही कोण म्हणून. चिपमध्ये एका वेळी एकच आवाज राहतो. वहिनींचा गेला.

बससमोर गर्दी जमली. लोक दार पुन्हा पुन्हा उघडत होते आणि हसत होते. खेळणी बनवणारे एक कारखानदार आले होते. त्यांनी बस उलटी करून बराच वेळ पाहिली.

"चाक आणि आवाज वेगळ्या सेलवर. हा डबा. कुणाचं डोकं हे?"

भावाबरोबर आलेल्या वहिनी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. मी म्हणालो, "माझंच."

"आमच्याकडे जोडणीला असा हात पाहिजे. बायका-माणसं कुणीही चालेल, पगारावर. येता?"

"मला पक्की नोकरी आहे," मी म्हणालो.

ते गेले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि भावाला म्हणाल्या, "चला, दुकान उघडायचंय." त्या विषयावर त्या पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. भाऊ वारेपर्यंत त्या ओट्यावरच सोल्डरिंग करत राहिल्या, त्याच्या नावानं.

यंदा वहिनींच्या नातीला सहावं वर्ष लागणार होतं. मी ठरवलं, तशीच बस करायची आणि तिच्यात खरं बोलायचं, सगळ्यांसमोर वाजेल असं. बुधवार पेठेतल्या दुकानदाराला म्हटलं, वीस सेकंदांचीच चिप द्या.

"आजोबा, आता मोबाईलवर तासभर बोलता येतं."

"तासभर बोलायचं नाहीये."

"पुण्यात असं म्हणणारे तुम्ही पहिलेच," असं म्हणून त्यानं चिप पुढे सरकवली.

हात कापतात, तरी जोडणी दोन दिवसांत झाली. बोलणं होईना. पहिल्या खेपेला मी कारखान्यातल्या वातावरणापासून सुरुवात केली. कबुलीपर्यंत पोचायच्या आतच वीस सेकंद संपून चिपचा दिवा विझला. दुसऱ्या खेपेला भावाचा स्वभाव सांगितला, पुन्हा दिवा विझला. मग कागदावर लिहून काढलं आणि जिथे जिथे 'कारण' हा शब्द होता तिथे काट मारली. तीन वाक्यं उरली. "अशी बस तुझ्या आजीनं बनवली होती. मी ती माझी म्हणून सांगितली. आत आवाजही तिचाच होता, तो मी पुसला." नऊ सेकंदं झाली. बटण दाबलेलंच होतं. नोकरीचं वाक्य ओठांवर होतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि दिवा विझला. पुन्हा भरता आलं असतं. मी मनाशी म्हणालो, एवढं पुष्कळ झालं.

वाढदिवसाला बिबवेवाडीच्या घरी वहिनींचा मुलगा, सून, शेजारी, सगळे होते. नातीनं दार उघडलं. तीन वाक्यं वाजली. मग माझा श्वास, मग शिट्टी.

"आजोबा, ही बस ओरडत का नाही?" नातीनं विचारलं.

वहिनींनी बस मांडीवर घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकली. ऐंशी उलटली आहे, पण कान शाबूत आहेत.

"आणि तो माणूस नोकरी देत होता, ते कुठाय?"

"वीस सेकंदांत बसेना, वहिनी."

"का बसेना? निम्म्यावर तर नुसता कुकर आहे."

त्यांनी बसचं दार लावलं.

"मुलीला वाढदिवसाला कबुलीजबाब कशाला देता, भाऊजी? तो कागदावर द्या. पुरता द्या." त्यांनी चष्मा वर सरकवला, भरायचं बटण बरोबर शोधलं आणि दाबून धरलं. "पुढे सरका, पुढे! दारात काय पंगत बसलीय?"

माझं बोलणं पुसलं गेलं. नात इतकी हसली की बस हातातून पडता पडता राहिली.

म्हणून हा कागद. त्या दिवशी त्या माणसानं देऊ केलेली नोकरी वहिनींची होती. मला ती नको होती, घ्यायचीही नव्हती. 'या बघा, यांनी केलंय' एवढंच म्हणायचं होतं. त्याला दोन सेकंदंही लागली नसती. या कागदाच्या प्रती काढल्या आहेत. पहिली वहिनींना नेऊन देतो आहे; त्या वाचून जे म्हणतील ते उभं राहून ऐकणार आहे. बाकीच्या खडकीला, ज्यांनी ज्यांनी त्या बसचं दार उघडलं होतं त्यांच्यापैकी जे आहेत, त्यांच्या घरी.