रिकाम्या सीटवर आबा

शाळेपासूनची तक्रार आहे, ती आधी सांगून टाकते. माझं नाव भागीरथी. वर्गात सगळ्या मनीषा नि वैशाली, आणि मी एकटी भागीरथी! आई म्हणायची, "तुझ्या आबांनी कुणाचं ऐकलं नाही गं." आबा म्हणजे माझे वडील. त्यांना कारण विचारलं की ते तंबाखू मळायला घ्यायचे.

आता विचारायची सोयच उरली नाही. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. पुण्यात माझ्याकडे खिडकीशी बसून असतात. त्यातच शिंदे मॅडमचा फोन आला. इंदापूर तालुक्यात निरवांगीच्या अलीकडे विद्यापीठाचा कृषी अभियांत्रिकी विभाग आहे, त्याच्या त्या प्रमुख. आबा तिथे आयुष्यभर ट्रॅक्टर चालवत होते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी विभागाने त्यांचं नांगरणं यंत्रात नोंदवून घेतलं होतं. कुठे वळले, कुठे थांबले, कुठे नांगर उचलला, सगळं. आता ड्रायव्हरशिवाय ट्रॅक्टर त्याच मार्गाने चालतो.

"एक चूक दुरुस्त करून जुना मार्ग पुसणार आहोत," मॅडम म्हणाल्या. "त्याआधी एकदा बघून जाता का?"

आबा परत ट्रॅक्टर चालवताना दिसणार, मग मी कसली थांबते! नवऱ्यावर आबांना सोपवलं आणि सकाळी सहाला गाडी काढली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जा, तिथून सुप्याकडे वळा. सुप्यात मिसळ खा, पण तर्री वेगळी मागा, नाहीतर बारामतीपर्यंत नाक पुसत बसाल. अभयारण्याच्या बाजूला सकाळी चिंकारा दिसतात, मला दोन दिसले. बारामतीच्या पुढे मात्र गाडी हळू घ्या. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून मधोमध चालतात आणि मागे दिवा असेलच असं नाही.

विभागाच्या फाटकावर पाटी आहे, 'शेतकऱ्याचे कष्ट यंत्राने उचलावेत.' सुरुवात एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली, लोखंडी नांगर तपासण्यापासून. मग ठिबक आलं, ऊस लावायचं यंत्र आलं. ही जमीन आधी आमच्या भावकीची, आमची जुनी वस्ती इथेच होती. जमीन दिली, त्या बदल्यात आबांना नोकरी मिळाली. आम्हाला घरी एवढंच माहीत होतं.

वर्कशॉपचे म्हातारे मिस्त्री, तात्या, मला बघून हसले. "आबाची भागू न्हवं का तू? ये, बाप दावतो तुझा."

भर दुपार होती. लख्ख ऊन, शेजारच्या उसात वाऱ्याची सळसळ. मी मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला. रिकाम्या सीटचा ट्रॅक्टर सुरू झाला, आधी वीतभर मागे सरकला आणि मग पुढे निघाला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आबा अगदी असंच करायचे! चौथं तास, म्हणजे नांगराची चौथी ओळ, नांगरून झालं आणि बांधाशी ट्रॅक्टर थांबला. इंजिन नुसतं धडधडत होतं.

"इथे मिनिटभर थांबतो. का ते कळत नाही," मॅडम म्हणाल्या.

मला कळलं. तंबाखू मळायला तेवढाच वेळ लागतो. मला हसू आलं आणि लगेच रडूही.

पुढे रानाच्या मधोमध नांगर आपोआप वर उचलला गेला. ट्रॅक्टरने एका जागेला वळसा घातला आणि पलीकडे नांगर परत मातीत घातला. मागे बैलगाडीएवढा गवताचा तुकडा तसाच राहिला. तिथे दगड नाही, झाड नाही, काही नाही.

"हीच ती चूक," मॅडम म्हणाल्या.

तात्या खालच्या आवाजात बोलले. "आमीबी इचारलं व्हतं त्याला. म्हणायचा, हाय तितं कुणीतरी. त्या रानात दुसऱ्या कुणाला ट्रॅक्टर घालू दिला न्हाय त्यानं."

ऐकून मला बरं वाटलं नाही. तरी मॅडमना म्हटलं, "जुना मार्ग ठेवा ना जपून. आबांचं एवढंच उरलंय हो."

"तुमचं कळतं मला. पण चुकीचा मार्ग यंत्रात राहिला तर उद्या कुणीतरी तोच चालवेल. उद्या नवा नीट चालला की जुना पुसायचा, ही आमची पद्धत आहे."

बारामतीत लॉजवर मुक्काम केला. खोली स्वच्छ होती, गरम पाणीही होतं. जेवण कसं होतं ते विचारू नका, माझं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी ट्रॅक्टरपुढे नारळ फोडला आणि बंद करायचं बटण हातात धरून बांधावर उभे राहिले. मॅडम मोबाईल घेऊन त्या गवताच्या कडेला. ट्रॅक्टर आला, पण वीतभर मागे न सरकता. चौथ्या तासाला थांबलाही नाही. तो आबांचा नव्हताच आता, कुणीतरी परका चालवत होता. नांगर खाली ठेवूनच तो सरळ गवतात घुसला.

पुढचं चाक धसकन खाली गेलं. तात्यांनी बटण दाबलं. सगळं गप्प झालं, आणि चाकाखालच्या काळ्या भोकातून कोंदट, गार वास वर आला. मॅडम वाकून बघायला गेल्या तसा तात्यांनी त्यांचा दंड धरून मागे ओढलं.

"मागं व्हा मॅडम! पेव हाय त्ये!"

पेव म्हणजे धान्य ठेवायचं जमिनीतलं खोल भुयार. तात्या बांधावर बसून सांगत होते. तोंड अरुंद, मोठा माणूस मावायचा नाही, म्हणून धान्य काढायला बारक्या पोरांना दोरीने आत सोडायचे. आधी कंदील सोडून बघायचा. विझला तर आतली हवा वाईट, उतरायचं नाही. "घाईत कंदील ऱ्हायला, की पोर गेलं," ते म्हणाले.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. "धान्य साठवणीचा आख्खा विषय शिकवतो आम्ही, आणि हे पायाखाली होतं." त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि नवा मार्ग पुसून टाकला. "आबांचाच चालू दे."

गवताच्या तुकड्याभोवती कुंपण घालायला माणसं आली, तेव्हा मी निघाले. परतीचा रस्ता मला फारसा आठवत नाही.

घरी आल्यावर आबांना आदल्या दिवशीचा व्हिडिओ दाखवला. ते एकटक बघत होते. ट्रॅक्टर गवताशी आला, तसा त्यांचा चांगला डावा हात उजवीकडे गेला आणि तिथे नसलेला नांगर उचलायचा दांडा त्यांनी वर ओढला.

"आबा, पेवात कोण होतं?"

त्यांनी तोच हात जमिनीपासून थोडा वर धरला, सहा-सात वर्षांच्या मुलाएवढ्या उंचीवर.

"भाऊ तुमचा?"

मान नाही म्हणाली.

"बहीण?"

त्यांचे डोळे भरले.

"आबा, मला कधीच कसं सांगितलं नाहीत? नाव काय होतं तिचं?"

जीभ वळत नव्हती. धडपड करून त्यांनी बोट उचललं आणि माझ्याकडे दाखवलं.