उणे तीन, अधिक दोन आणि कवितेची पहिली ओळ

आमच्या डोणगावच्या शाळेत एकदा मी बीजगणिताच्या जोरावर कविता जिंकायला निघालो होतो... त्याची ही गंमत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, राजधानी नागपूर. शाळा तपासायला साहेब यायचे, आणि ते येणार म्हटलं की आठ दिवस आधीपासून शाळा सारवली जायची.

त्या वर्षी स्वागताला क्रमिक पुस्तकातली नदीची कविता म्हणायचं ठरलं. पहिली ओळ एकट्यानं म्हणायची, साथीशिवाय. दुसऱ्या ओळीला बाजाची पेटी आणि सगळा वर्ग येऊन मिळायचा.

ती पहिली ओळ मला हवी होती... फार हवी होती. कविता मी पाठ करत नसे, त्या माझ्यात आपोआप येऊन राहत. गच्चीवर पडल्या पडल्या ढगांकडे बघत मी पुटपुटत असे आणि आई खालून हाका मारून थकत असे.

पण माझ्यासमोर होता करीम. त्याचे वडील पिंजारी, गाद्या भरायचे. घरात दिवसभर कापूस पिंजायचा आवाज, त्यामुळे करीम साधं पाणी मागायचा तेही ओरडून! आवाज मात्र गोड... खडीसाखर.

आम्हाला गणित शिकवायचे ते देशमुख गुरुजीच पेटी वाजवायचे. त्यांनी परीक्षा घेतली. एकदा सा वाजवला, पेटी बंद केली आणि म्हणाले, "आता थांबा. साहेबांचा हार-तुरा होईतोवर हा सा डोक्यात धरून ठेवावा लागेल. मग ओळ उचला."

करीमनं उचलली. गुरुजींनी पेटी उघडून ताडून पाहिलं... काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजल्या तर तो ‘सा’च्या दोन पट्ट्या वर चढला होता. मग मी म्हटली. मी तीन पट्ट्या खाली.

"तू त पार विहिरीत उतरतं बे!" करीम खिदळला.

"अन् तू काऊन झाडावर चढतं?" मी पण सोडलं नाही.

गुरुजींनी फळ्यावर आडवी रेघ ओढली. मधोमध शून्य, तो सा. उजवीकडे अधिक दोन, करीम. डावीकडे उणे तीन, मी.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! ऋण संख्या त्यांनीच नुकत्या शिकवल्या होत्या. मी छाती काढून उभा राहिलो. "गुरुजी, उणे तीन हे अधिक दोनपेक्षा लहान. म्हणजे चूक माझी लहान. पहिली ओळ मले द्या!"

करीमचा चेहरा उतरला. "हे कोन्तं गणित आणलं बे यानं..." एवढंच तो पुटपुटला.

गुरुजी रागावले नाहीत. उलट खूश होऊन म्हणाले, "वा कवी महाराज! मग आता दहा पट्ट्या खाली गा. उणे दहा त आणखीच लहान. चूक पार नाहीशी होईल तुझी!"

मी गायलो... गायलो कसला! हंबरलो. वर्ग बाकांवर लोळला. करीम डोळे पुसत म्हणाला, "गुरुजी, याले कोंडवाड्यात नेऊन बांधा!"

हसता हसता माझं मलाच कळलं. जितका खाली, तितका लहान... हे संख्येचं खरं होतं. चूक मोजताना ते लागू नव्हतं. चूक ‘सा’ किती लांब राहिला त्यावरून मोजायची असते.

गुरुजींनी उणे तीनच्या दोन्ही बाजूंना एकेक उभी काडी काढली. "हे झालं घर. चिन्ह म्हणजे वहाण, ते दाराशी काढून आत यायचं. आत फक्त एकच विचारतात, शून्यापासून किती लांब? तू तीन. करीम दोन. याले म्हणतात केवलमूल्य."

पहिली ओळ करीमला मिळाली. वाईट वाटलं... खोटं कशाला सांगू. पण कुठं चुकलं ते इतकं स्वच्छ दिसत होतं की भांडायला जागाच नव्हती. उलट मीच त्याला म्हटलं, "राजा, दोन म्हणजे बी शून्य नाही. उतर खाली."

मग रोज शाळा सुटल्यावर आम्ही नाल्याकाठी बसायचो. तो एकेक पट्टी उतरायचा, मी एकेक चढायचो.

साहेब आले. हार झाले, भाषण झालं, सा केव्हाचा विरून गेला होता. करीमनं डोळे मिटून ओळ उचलली आणि पेटी येऊन तिला अशी मिळाली की सांधा कुठं आहे ते कळलंच नाही. दुसऱ्या ओळीला सगळ्या वर्गाबरोबर मीही होतो... सुरात होतो.

नंतर साहेब वर्गात आले. म्हणाले, "उणे सात आणि अधिक चार, मोठं कोण?"

मी उठलो. "मोठं अधिक चार, साहेब. पण शून्यापासून जास्त लांब उणे सात!"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते, पण मिशी हसत होती. करीमनं बाकाखालून गुडघा मारला. "गाणं मायं झालं, गणित तुयं झालं. जा आता!"

पुढं आयुष्यभर मी शाळेत गणितच शिकवलं आणि चांगलं शिकवलं, हे आज बेधडक सांगतो. गुरुजींनी त्या दिवशी एक ओळ मला दिली नाही... त्या न दिलेल्या ओळीसाठी त्यांना आज पुन्हा एकदा नमस्कार.