देवकाबाईचं खरं वय

दिघोरीच्या समाजमंदिरात डॉक्टर गुंजन हसून म्हणाल्या, "मावशी, आधार कार्डावर तुमचं वय सहासष्ट, शरीर मात्र त्रेसष्टचं निघालं. जा निवांत घरी."

देवकाबाई दोन पावलं गेली आणि थांबली.

महिन्यापूर्वी याच डॉक्टरांनी बायकांचं रक्त घेतलं होतं, मुठीची ताकद मोजली होती, चालवून पाहिलं होतं. शरीर किती झिजलं ते यावरून कळतं म्हणे. कार्डापेक्षा शरीराचं वय जास्त निघालं, तर साखर, हृदय, लकव्याचा धोका आधीच ओळखता येतो. अशा बायकांना पुढच्या तपासणीसाठी भंडाऱ्याला नेणार होते.

तपासणी खरी, पण कार्डच खोटं, त्याला डॉक्टर तरी काय करणार! म्हातारपणाची पेन्शन लवकर लागावी म्हणून अर्ध्या मोहल्ल्यानं वय वाढवून घेतलं होतं. देवकाबाईचा थोरला भूपेंद्र आता छत्तिशीचा, आणि तो झाला तेव्हा ती एकोणीसची. हिशेब सरळ होता. यंदाच्या भाताच्या रोवणीत तिला पाच पावलांवर धाप लागत होती. थोरली बहीण सीताबाई याच वयात लकव्यानं भाताच्या बांधीतच कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही. देवकाबाईला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत होती.

ती डॉक्टरांकडे वळली तशी शेजारच्या गिरजाबाईनं तिचं मनगट गच्च धरलं. गिरजाबाईचं शरीर कार्डाइतकंच, सहासष्टचं निघालं होतं, आणि ती खुशीत होती.

"चूप राय वं! पेन्शन जाईल. तुही बी, माही बी."

"अन् जीव गेल्यावर पेन्शन कोन खाईल?"

हात सोडवून देवकाबाई टेबलापाशी गेली. ती म्हणाली, "मॅडम, कार्डावरचं वय खोटं आहे. मी पंचावन्नची आहो."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. पुन्हा पाहिला.

"शरीर आठ वर्षं पुढं धावलंय, मावशी. उद्याच्या गाडीत पहिलं नाव तुमचं. आज शेतात जाऊ नका."

देवकाबाईला रडू फुटलं. भीती होतीच, पण आपण वेळेत बोललो याचं बरंही वाटलं.

गिरजाबाई दारापर्यंत गेली होती. तिथंच थबकली, आणि उंबऱ्यावरून सावकाश परत आली.

"मॅडम," ती म्हणाली, "मी तं इच्याहून बी लहान आहो."