आमच्या साडूंनी काढलेला शाळेचा फोटो

ब्रह्मदेव जरी गंगाखेडला आला, तरी आमचे साडू त्याची चारही तोंडं दुरुस्त केल्याशिवाय त्याला सोडणार नाहीत. साडूंचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं जसा आत गेला तसाच बाहेर आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. जन्मभर बंडीवर वावरलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्यांनी मेल्यावर कोट-टाय चढवला, मिटलेले डोळे उघडून दिले. माझ्या लग्नाच्या अल्बममधून आम्हा दोघांच्या सासऱ्यांच्या गालावरचा तीळ त्यांनी असा उडवला, की खुद्द सासूबाईंनी विचारलं, "हे कोण हायत?" मी एकदा हटकलं तर मलाच म्हणाले, "साडूबुवा, माणूस जसा हाय तसा घरी दिसतोच की. फोटोत बी तसाच कशाला पायजे?"

हट्टाच्या बाबतीत तर विचारूच नका. पालमकडच्या त्यांच्या गावातली जुनी शाळा कित्येक वर्षं ओस पडून होती. ती पाडायचं ठरलं, आणि साडूंना पहिली ते चौथी शिकवलेल्या बाईंचा निरोप आला. बाईंची सगळी नोकरी त्याच शाळेत गेलेली, आणि आता खुबा मोडून त्या अंथरुणाला खिळलेल्या. "पाडायच्या आधी मला एकदा शाळा दाखव," एवढंच मागणं. झालं! साडूंनी ऐन लगीनसराईत स्टुडिओला कुलूप ठोकलं आणि मला गाडीवर मागं बसवलं. पहिल्या खेपेला ऊन समोरून आलं, दुसऱ्या खेपेला ओसरीत कुणाच्या तरी म्हशी रवंथ करत बसलेल्या, तिसऱ्या खेपेला मधमाश्यांनी गाठलं. मी म्हटलं, आता पुरे. साडू चौथ्या दिवशी एक डोळा सुजवून हजर! "फोटोला एकच लागतो," म्हणाले. मनासारखा फोटो मिळाल्यावर महिनाभर ते कॉम्प्युटरपुढं ठाण मांडून होते. बाभळी उपटल्या, उडालेले पत्रे चढवले, दाराला निळा रंग दिला, घंटा टांगली, भिंती पांढऱ्याफेक केल्या. तोवर तिकडं जेसीबीनं खरी शाळा भुईसपाट करून टाकली.

फोटो घेऊन आम्ही बाईंकडं गेलो. बाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"लय नामी केलास रे. पर ओसरीच्या भिंतीवरचे डाग कुठं गेले?"

"काढले की बाई! एक बी ठिवला न्हाई," साडू छाती फुगवून म्हणाले.

बाईंचा चेहरा पडला. "अरे, पाढे म्हणताना पोरं भिंतीला डोकं टेकून बसायची. त्यांच्या तेलाचे डाग होते ते. तीच तर माझी पोरं. रिकामी शाळा घेऊन मी काय करू?"

साडू तो फोटो उचलून तडक गंगाखेडला परतले. नशीब, मूळ फोटो जपून ठेवला होता. आयुष्यभर डाग पुसत आलेल्या या माणसानं आठ दिवस खपून त्या पांढऱ्या भिंतीवर एकेक डाग परत बसवला.

बाईंनी नवा फोटो मांडीवर घेतला आणि डागांवर बोट ठेवत एकेका पोराचं नाव घ्यायला सुरुवात केली. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. सगळ्यात खालच्या, सगळ्यात गडद डागाशी त्या थांबल्या आणि हसल्या. "हा तुझा. तुझी माय लय तेल थापायची."

साडू चौथीत असताना त्यांची आई गेली. अख्ख्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाकडं तिचा एकही फोटो नाही. साडू खाली वाकले, त्या डागावर त्यांनी बोट टेकवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.