पेडणेकर काकांची यादी

शुक्रवारी सकाळी आमच्या खैतानच्या खोलीत सगळ्यांच्या आधी पेडणेकर काका उठलेले असायचे. लोणच्याच्या बरणीला मोबाईल टेकवून, खबूस, म्हणजे इथली रोटी, चहात बुडवून खात, ते बेसबॉल बघत बसायचे. तोही मोठा, गाजणारा बेसबॉल नाही. अमेरिकेतल्या कुठल्यातरी आडगावात, दोन-तीनशे लोकांपुढे, विशी-बाविशीची पोरं खेळताहेत. कॅमेरा एकच, तोही हलणारा. आणि इथे कुवेतमध्ये मालवणचा एक एसी मेकॅनिक भुवया आक्रसून त्यातल्या एका पोराच्या कोपराकडे टक लावून बघतोय. मी पहिल्यांदा त्या खोलीत राहायला आलो तेव्हा, प्रवासाने आंबलेला, बॅग हातात घेऊन दारातच थांबलो होतो. काकांनी वर न बघता विचारलं, "इंग्रजी लिवाक येता?"

येतं म्हटलं. तिथून पुढची सहा वर्षं मी त्यांचा लेखनिक होतो.

आम्ही दोघंही अर्दियातल्या एकाच वर्कशॉपमध्ये होतो. इमारतींमधून थंड हवा फिरवणारे पत्र्याचे डक्ट तिथे बनत. मी ड्रॉइंग काढायचो, काका फोरमन. त्याआधी बरीच वर्षं ते वाळवंटातल्या एका अमेरिकन तळावर एसीच्या दुरुस्तीला होते. तिथला एक सार्जंट त्यांना जेवणघरातल्या टीव्हीपुढे बसवून बेसबॉल समजावून सांगायचा. त्याच्या गावात एका मोठ्या संघाचा सगळ्यात खालच्या पायरीवरचा संघ होता. प्रत्येक मोठ्या संघाखाली अशा चार-पाच पायऱ्या असतात. शाळेतून, कॉलेजातून, लांबच्या बेटांवरच्या कोळीवाड्यांतून पोरं उचलून आणायची, खालच्या पायरीवर ठेवायची, जमलं तर वर चढवायची. बहुतेकांना कधीच जमत नाही. वर्षानुवर्षं बसने या गावाहून त्या गावाला जातात आणि एक दिवस घरी जातात. या सगळ्या व्यवस्थेला तिकडे 'फार्म' म्हणतात. सार्जंट बदली होऊन गेला, पुन्हा कधी त्याचा पत्ता लागला नाही, पण त्याचा फार्म काकांकडे राहिला.

"शेत कसला," काका म्हणायचे, "ही तर कलमांची बाग. शंभर बाठे रुजतत, झाड एकच धरता. पाणी मात्र शंभरांक घालूचा लागता."

त्या संघाच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक गट होता. दर हंगामाच्या आधी तिथे हजारो लोक भांडून-भांडून फार्ममधल्या तीस सर्वोत्तम पोरांची यादी ठरवत. कोण वर जाईल, कोण वाया गेला, कोणाला विकून टाकावं. काकांचं तिथलं नाव होतं 'डक्टमॅन'. ते मालवणीत सांगायचे, मी इंग्रजीत टंकायचो. "ह्येचो हात बरो, पण डोक्यात राग. बापाशीक कोणीतरी सांगा, सामन्याक येव नको," हे मी कसं लिहिणार? मी काहीतरी सभ्य लिहायचो. काका मान वाकडी करून स्क्रीन बघायचे आणि म्हणायचे, "जाधवा, मी येवढा लांब बोललंय आणि तू दोनच ओळी लिवलंस?"

त्यांचा एकमेव श्रोता-विरोधक होता युसुफभाई. दापोलीकडचा, आमच्याच इमारतीखाली शिलाईचं दुकान. शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी तो वर यायचा. त्याला नुसते उंच फटके मारणारे आवडायचे. "पेडणेकर, तुझा हा पोरगा चेंडू सोडतोच फार. मारत कधी नाही."

"सोडता म्हणानच बरो. वाईट चेंडू सोडूक येणा ही अक्कल आसा, युसुफ. तुका नाय समजाची, तू आयुष्यात कापड कधी सोडलंस नाय."

युसुफभाई हसायचा. मग दोघं अर्धा तास त्या पोरांच्या पायांवर, खांद्यांवर, मनगटांवर बोलत राहायचे. त्या पोरांपैकी एकालाही हे दोघे जगात आहेत याची कल्पना नव्हती.

एका हंगामात यादीत पहिल्या नंबरवर एक एकोणीस वर्षांचा गोलंदाज होता. चाहते त्याच्यावर वेडे झाले होते. सलग तीन शुक्रवार काकांनी त्याला बघितलं आणि चौथ्या शुक्रवारी मला म्हणाले, "लिव. तेचो हात दमलो हा. तेका बसवा." लोकांनी आमची टर उडवली. तू कोण, डॉक्टर का, असं विचारलं. दोनेक आठवड्यांनी बातमी आली, त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया करावी लागणार. त्यानंतर 'डक्टमॅन'ला खासगी निरोप येऊ लागले. तुम्ही कुठल्या संघासाठी पारखी म्हणून काम करता? काकांनी मला उत्तर लिहू दिलं नाही. मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? हातातला स्क्रू-ड्रायव्हर पुसत ते म्हणाले, "कंप्रेसर बंद पडूच्या आधी तेचो आवाज बदलता. तो आयकूक होयो, इतक्याच."

तीस नंबरवर मात्र ते दर वर्षी एकच नाव घालायचे. तो एकतिशीचा झालेला विकेटकीपरसारखा गडी, गोलंदाजाचे चेंडू झेलणारा. आठ वर्षं वरून दुसऱ्या पायरीवर अडकलेला. चाहते वैतागायचे, हा म्हातारा काय होतकरूंच्या यादीत? "हेका काढल्यात तर पोरांका झेलतलो कोण?" काका म्हणायचे. पुढे संघानेच त्याला मोकळं केलं. गटात कोणी त्याची नोंदही घेतली नाही. काकांनी त्या दिवशी वर्कशॉपमध्ये कोणावर आवाज चढवला नाही.

मग आमच्याच वर्कशॉपवर पाळी आली. कामं कमी झाली होती. मिरकाबच्या मुख्य ऑफिसातून नवा मॅनेजर आला. तो वाईट माणूस नव्हता, नुसता घाईत होता. त्याने काकांना बोलावलं. अकरा फिटर आहेत, सात ठेवायचे. कोण चार जाणार ते तुम्ही सांगा, रविवारी नावं द्या. आणि यापुढे जमिनीवरचं काम वेगळं नाही. जो राहील त्याने छतावर, परांचीवर, सगळीकडे चढायचं.

त्या अकरांत सुधीर होता. काकांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चाळिशीचा, मुकाट, गोड स्वभावाचा. काकांनीच चार वर्षांपूर्वी त्याला इथे आणला होता आणि तो आमच्याच खोलीत राहायचा. आम्ही सगळे धरून चाललो की सुधीर राहणार. बहिणीच्या घोवाला कोण काढतं?

त्या शुक्रवारी काकांनी मोबाईल उघडला नाही. युसुफभाई वर आला, जरा बसला आणि खाली गेला. दुपारी काका बाहेर पडले आणि एकेका फिटरच्या खोलीवर गेले. ज्यांची नावं जाणार होती त्यांना त्यांनी स्वतः, तोंडावर सांगितलं. तिघांना सांगून परतले तेव्हा आम्ही जेवत होतो. काका उभ्यानेच म्हणाले, "भावोजी, चौथा नाव तुमचा घातलंय."

सुधीरने घास हातात धरून त्यांच्याकडे बघितलं. "बरा," म्हणाला, आणि पान पूर्ण संपवलं. त्याला धक्का बसलाय असं आम्हाला वाटलं. मला स्वतःला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. खोली एवढीशी, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "दादा, परक्यांक ठेवलंस आणि घरच्याक काढलंस?"

"होय," काका म्हणाले.

"कित्याक?"

ती उत्तरासाठी थांबली असावी. मग फोन बंद झाला. दरवर्षी भाऊबिजेला ती व्हिडिओ कॉल लावून मोबाईलला ओवाळायची, आणि काका इथे डोक्यावर टोपी घालून, पाटावर बसल्यासारखे कॉटवर बसायचे. त्या दिवाळीला ते टोपी घालून बसले होते. फोन आला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी टोपी पेटीतून बाहेर काढलीच नाही.

मी त्यांच्यावर रागावलो होतो, हे कबूल केलं पाहिजे. वर्कशॉपमध्ये लोक म्हणायचे, पेडणेकरला आपली सचोटी दाखवायची होती, बहिणीच्या नवऱ्याचा बळी दिला. मलाही तसंच वाटलं. कामाचा बहाणा करून मी कित्येक शुक्रवार त्यांच्यासाठी लिहिलं नाही. त्यांनी आग्रह केला नाही. गटातला 'डक्टमॅन' गप्प झाला. लोकांनी दोन-चार वेळा विचारलं, मग विसरले. नवी पोरं आली, नव्या याद्या आल्या. आम्ही सगळेच तेव्हा थकलेले होतो. उन्हाळा होता, चार माणसांचं काम सातांवर पडलं होतं आणि खोलीत कोणाला कोणाशी बोलायचं त्राण नव्हतं.

साठी उलटल्यावर काकांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुन्हा करून घेणं अवघड होऊन बसलं, आणि त्यांनी कायमचं परत जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या शुक्रवारी मी आणि युसुफभाई त्यांचं खोकं बांधायला बसलो होतो. युसुफभाई दोरी आणायला खाली गेला, तेव्हा मी विचारलंच. आता गावाला जाताय, बहीण दोन घरं पलीकडे राहते. काय सांगणार तिला?

काका खोक्यावर बसले. मग त्यांनी सांगितलं. सुधीर आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात एका मॉलच्या छतावर काम होतं. सुधीर वर गेला आणि पाइपला मिठी मारून बसला. ना वर जाईना, ना खाली येईना. काका चढून गेले आणि त्याच्या शेजारी तासभर बसले, मग एकेक पाय धरून त्याला उतरवला. खाली आल्यावर सुधीरने त्यांचे हात धरले. हे कोणाला, विशेषतः बायकोला, कळता कामा नये, म्हणाला. त्यानंतर काकांनी त्याला कायम जमिनीवरच्या कामाला लावलं, कोणाच्या लक्षात येऊ न देता.

"आता जमिनीवरचा काम ऱ्हवला नाय. मी ठेवलंय असतंय तर तो चढलो असतो. शरमेन चढलो असतो. आणि पडलो असतो." त्यांनी हाताने नुसतं खाली दाखवलं. "तेचे पाय कापतत, जाधवा. मी बघलंय."

"मग हे बहिणीला सांगा ना. ती समजून घेईल."

"माका माझी भयण ठावक आसा. ती तेका जन्मभर भित्रो म्हणतली. तिका घोवाबरोबर जन्म काढूचो आसा. माझ्याशिवाय तिचा काय अडता?"

दोन वर्षं मी या माणसाशी धड बोललो नव्हतो. मी म्हटलं, काका, काही लिहायचंय का गटात? ते नको म्हणाले. डोळे आता बारीक अक्षरावर ठरत नाहीत, पोरं ओळखू येत नाहीत, म्हणाले. युसुफभाई दोरी घेऊन आला. त्याने खोकं असं आवळून बांधलं की ते सोडायला गावात सुरीच लागली असणार.

गावी जाऊन काका जेमतेम वर्षभर जगले. एका दुपारी ओटीवर झोपले ते उठले नाहीत. मला बातमी सुधीरच्या फोनने कळली. त्याने वर्षभरातलं सगळं सांगितलं. तो आता बाजारात कुलरची दुरुस्ती करतो. रोज संध्याकाळी काकांकडे जाऊन बसायचा. बायको मात्र एकदाही त्या घराची पायरी चढली नाही. वाटेत भाऊ दिसला तर पदर सारखा करून पुढे जायची. काका थांबून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचे, आणि सुधीर हे सगळं आपल्या अंगणातून बघायचा.

"तेरावा झाला आणि माझ्यान ऱ्हवला नाय," सुधीर म्हणाला. "मी तिका सगळा सांगलंय. मॉल, छप्पर, पाइप, दादा वर येवन बसलो ता, सगळा."

"काय म्हणाली?"

इकडे बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं आणि वर्कशॉपचं पत्र्याचं दार थडाथड आपटत होतं. मी ते पायाने दाबून धरलं.

"चुलीकडे बसान ऱ्हवली. मगे म्हणाली, तुमचे पाय कापत होते तर तेव्हाच घराक येवचा होता. दार काय बंद होता?"